समक्ष हजर

१

सीदी मर्झूकच्या नगरपालिकेत तीन नंबरच्या खिडकीत बसणारी नजवा माणसं हातावरून ओळखायची. चेहरे बघणं तिने कधीच सोडून दिलं होतं. सतरा वर्षं त्या खिडकीत काढल्यावर मान वर करणं म्हणजे आपल्याच मानेवर अत्याचार, असं तिचं म्हणणं. आणि वर करून बघायचं तरी काय? उकडलेली कोळंबी.

फेब्रुवारीत तिच्या खिडकीपुढे सगळी ही गोरी कोळंबीच असायची. जन्मभर फ्रान्समध्ये नोकऱ्या करायच्या आणि पेन्शन सुरू झाली की बायको, कुत्रं आणि गुडघेदुखी घेऊन आमच्या ट्युनिशियाच्या किनाऱ्यावर येऊन राहायचं. तिकडे म्हातारपण महाग, इकडे ऊन फुकट. शेजारच्या दोन नंबरच्या खिडकीतला मुन्सिफ, मान देऊन सी मुन्सिफ, म्हणायचा, "आपली तरणी पोरं तिकडे जायला होडीत जीव टाकतात, आणि हे म्हातारे विमानात बसून इकडे मरायला येतात. समुद्रालासुद्धा हसू येत असेल."

"मरत कुठे आहेत?" नजवा म्हणायची. "दर फेब्रुवारीला येतात की."

कारण वर्षातून एकदा त्यांच्या पेन्शनच्या कचेरीला खात्री लागायची की म्हातारा अजून आहे. त्यासाठी एक छापील कागद होता. त्यावर शेवटी एक वाक्य होतं: 'वरील व्यक्ती आज माझ्या समक्ष हजर झाली. ती हयात आहे.' त्याखाली नजवाची सही आणि नगरपालिकेचा शिक्का.

ही सगळी कवायत नजवा बसल्या जागी, मान खाली घालून करायची. पासपोर्ट उघडायचा, डाव्या अंगठ्याने पान दाबून धरायचं, उजव्या हाताने नंबर उतरवायचा. तो अंगठा नेमका फोटोवर पडायचा. सतरा वर्षांत त्या अंगठ्याखाली किती तोंडं दबली असतील, देव जाणे. पण हात मात्र तिला पाठ होते. हिऱ्याची अंगठी रुतून बसलेला जाडा हात, कायम कुत्र्याचे केस चिकटलेला हात, पत्त्यांच्या डावात असल्यासारखा टेबलावर टकटक करणारा हात.

आणि मस्यू कोर्बेलचा हात.

तो आठवायला खास कारण होतं. तीन वर्षांमागच्या जानेवारीत हा मस्यू शेजारच्या कोंबड्याची तक्रार घेऊन आला होता. कोंबडा पहाटे आरवतो म्हणे. कोंबड्याने काय दुपारी जेवण करून आरवायचं? तर नजवा कागद भरत असताना तो मागे उभ्या असलेल्या बायकोला म्हणाला, "ह्यांना एक शिक्का मारायला तीन माणसं लागतात बघ. एक मारणार, एक बघणार, आणि तिसरा चहा आणणार."

नजवा आठव्या वर्षापासून फ्रेंच शिकलेली. तिने पेन खाली ठेवलं, चहा मागवला, आणि घोट घोट करत संपेपर्यंत त्याला उभं ठेवलं. तेवढा वेळ तिच्यासमोर त्याचा डावा हात होता. तपकिरी डागांचा, पहिल्या बोटाला निळ्या रेघेची चिकटपट्टी, आणि अंगठ्याच्या नखात अगदी मुळाशी मसुराच्या दाण्याएवढा काळा डाग, एका बाजूने चपटा. गच्चीत दोरीसाठी खिळा ठोकताना हातोडी बसली, असं बायको कुजबुजली.

नजवाला चहा फारच गोड लागला त्या दिवशी.

"संपला का चहा, पोरी?" मस्यू म्हणाला. बहिऱ्याशी बोलावं तसा, मोठ्याने, एकेक शब्द तोडून. नजवा तेव्हा त्रेचाळीस वर्षांची होती.

२

त्यानंतर तीन आठवड्यांनी, फेब्रुवारीत, बायको एकटीच आली. मदाम सोलांज. ही बाई तोंडातून शब्द काढायचा तर आधी परवानगी मागितल्यासारखा काढायची. तिने खिडकीतून दोन पासपोर्ट आणि दोन कागद सरकवले.

"माझे मिस्टर आजारी आहेत. जिना उतरवत नाही."

नियम साधा होता. माणूस येऊ शकत नसेल तर कारकुनाने घरी जाऊन बघायचं. पण कोर्बेलांचं घर दीपगृहाच्या टेकडीवर, नव्वद पायऱ्यांवर. नजवाचे गुडघे सरकारी, म्हणजे फक्त सुट्टीच्या दिवशी चालणारे. त्यात शुक्रवार, घरी उम्मीने, म्हणजे आईने, कुसकुस शिजवलेलं, आणि एक वाजता खिडकी बंद. शिवाय वर जाऊन बघायचं कोणाला? तर त्याला!

"ताप आहे का?" तिने मान वर न करता विचारलं.

मदामने दोन्ही पासपोर्ट एकावर एक नीट लावले. मग म्हणाली, "तुम्ही येऊन बघता का?"

"कशाला? तुम्ही सांगताय ना, आहे म्हणून?"

"मी..." मदाम म्हणाली.

धप्प. नजवाने शिक्का मारला. 'माझ्या समक्ष हजर झाली. ती हयात आहे.' सही केली, कागद सरकवला आणि पिशवीत डबा भरला. मदाम कागदाकडे बघत तशीच उभी होती हे तिला दिसलं. म्हणजे मदामचे हात दिसले. कागद धरलेले, पण तो पिशवीत न घालणारे.

पुढच्या फेब्रुवारीला तेच. त्याच्या पुढच्यालाही तेच. वहिवाट पडली की नियम आपोआप आडवाटेने जायला लागतो, हे कुठल्याही नगरपालिकेत विचारा.

ह्या वर्षी मात्र मदामने एकच कागद आत सरकवला. नवऱ्याचा. आणि त्याच्यावर आपला तळहात दाबून ठेवला.

"ह्या वेळी घरी या," ती म्हणाली. तिची आमची भाषा आता बरी झाली होती. "आधी बघा. मग लिहा."

"मदाम, मी इतकी वर्षं तुमच्या शब्दावर लिहिते ना?"

"हो," मदाम म्हणाली. "म्हणूनच."

सी मुन्सिफ शेजारून ओरडला, "जा गं नजवा, जा! नव्वद पायऱ्या चढलीस तर पुढच्या ईदला नवा कपडा कमी लागेल."

"तू वर्तमानपत्र वाच," नजवा म्हणाली. मग तिने मदामच्या त्या दाबलेल्या तळहाताकडे बघितलं. म्हातारा गेलेला असला तर? आणि ह्या वर्षी नाही, आधीच गेलेला असला तर? तीन सह्या तिच्या होत्या. समक्ष हजर, समक्ष हजर, समक्ष हजर. असल्या सहीवर नोकरी तर जातेच, वर तुरुंगही होतो. आणि घरी उम्मी, तिची साखरेची इंजेक्शनं, आणि कमावणारी एकटी नजवा.

आयुष्यात पहिल्यांदा तिने मनापासून दुवा मागितली की कोर्बेल नावाचा तो उद्धट माणूस जिवंत असू दे.

३

वर जाण्याआधी तिने गावात जरा चाचपून बघितलं. विचारायचं पण विचारल्यासारखं वाटू द्यायचं नाही, ही कला आमच्या गावात बायका पाळण्यातच शिकतात.

"मदाम सोलांज काय नेते हल्ली?" तिने मासेवाल्या बशीरला विचारलं.

"एक मासा. आधी दोन न्यायची."

"कधीपासून एक?"

"लल्ला नजवा, मी काय तुमच्यासारखा रजिस्टर ठेवतो?" बशीरने मांजरीला शेपटी फेकली. "पण झाली की दोन-तीन वर्षं. म्हाताऱ्याला पथ्य असेल."

पथ्य. बरोबर. आजारी माणूस मासे कशाला खाईल?

हमादी न्हावी म्हणाला, "तो? तीन वर्षांत दुकानात पाय नाही. बरं झालं. केस कापताना मला शिकवायचा."

आजारी माणसाचे केस बायको कापते. हेही बरोबर.

मग नजवाला सगळ्यात भक्कम गोष्ट सुचली. गावात ख्रिस्ती लोकांची एक जुनी दफनभूमी आहे, भिंतीत, कुलूपबंद. किल्ली नगरपालिकेकडे असते. म्हणजे नजवाच्याच खुर्चीमागे, खिळ्यावर. कोणी गोरा मेला की ती किल्ली हलते. त्याशिवाय त्याला पुरायला जागाच नाही. नजवाने वळून बघितलं. किल्लीवर कोळ्याने जाळं विणलं होतं, आणि तेही जुनं, धुळीने काळं पडलेलं.

पुरलेला नाही म्हणजे मेलेला नाही. नजवाला एकदम हलकं वाटलं. चांगला भाकरीचा तुकडा हरिसाच्या चटणीत बुडवून खाल्ला तिने. घशात तिखट उतरत असताना वाटलं, पुरलेला नाही म्हणजे नुसतं पुरलेला नाही. पण तो विचार तिने पाण्याबरोबर गिळला.

४

बुधवारी सकाळी अकराला ती नव्वद पायऱ्या चढली. चाळीसला बसली, सत्तरला नियम करणाऱ्याच्या सात पिढ्यांना आठवलं. वर लख्ख ऊन होतं, वारा पडलेला, समुद्र तेल ओतल्यासारखा गप्प. असल्या दिवशी माणसाला भीती वाटायला लाज वाटते.

गच्चीत दोरीवर एक ऑक्टोपस वाळत घातला होता. आमच्याकडे सगळेच घालतात, चार दिवसांत काढतात. हा काढलाच नव्हता. उन्हापावसाने तो चपलेच्या तळव्यासारखा झाला होता, आणि दोरीला इतका चिकटला होता की त्याचे पाय दोरीचेच झाले होते.

मदामने दार उघडलं. "लाबास?" असं आपल्या पद्धतीने विचारलं. नजवाने नाइलाजाने "लाबास," म्हटलं, म्हणजे सगळं ठीक. घरात अंधार होता, समुद्राकडच्या झडपा बंद. आणि आवाज होता. टिण, टिण, टिण. काचेच्या पेल्यात चमचा फिरत होता, आतल्या खोलीत कुठेतरी.

"कॉफी घेताहेत का ते?" नजवाने हायसं वाटून विचारलं.

"ढवळतात," मदाम म्हणाली.

ती तिला स्वयंपाकघरात घेऊन गेली. ओट्यावर एक कप, एक बशी, एक काटा. नजवा खुर्चीवर टेकली. चमचा फिरतच होता. साखर विरघळायला किती वेळ लागतो? नजवाने मनात म्हटलं, दोन चमचे असतील तर जरा जास्त. तिने भिंतीवरच्या फरश्या मोजायला घेतल्या, चाळीसपर्यंत गेली, चमचा थांबला नाही.

"तुम्ही त्यांना कित्येकदा बघितलंय," मदाम एकदम म्हणाली. "खिडकीत."

"म्हणजे काय! दर वर्षी."

"कसे दिसायचे, सांगा ना."

"आता कसे म्हणजे..." नजवाने तोंड उघडलं. मिशी होती? चष्मा? टक्कल? तिने अंगठा उचलून पासपोर्टचा फोटो आठवायचा प्रयत्न केला, पण आठवला तो अंगठाच. "चांगले होते की. तुमच्या लोकांसारखे."

मदाम हसली. एवढीशी, नाकातून. नजवा सतरा वर्षं ज्या तऱ्हेने खिडकीत हसत आली होती, तसंच ते हसू होतं, आणि आपल्यावर ते कसं लागतं हे तिला आज कळलं.

"सोलांज!" आतून आवाज आला. "आली का ती शिक्क्याची पोरगी? पाठव तिला. की चहा लागतो आधी?"

नजवाच्या अंगात जीव आला. अगदी तोच आवाज, तोच तिरसटपणा, तसाच एकेक शब्द तोडलेला. देवा, माणूस इतका उद्धट आहे म्हणजे नक्की जिवंत आहे! ती उठलीच.

खोली लांबट होती. दूरच्या टोकाला बंद झडपेकडे तोंड करून एक उंच पाठीची खुर्ची, खुर्चीच्या पाठीवरून टोपीची कड दिसत होती. झडपेच्या फटीतून एक उन्हाची पट्टी जमिनीवर पडली होती. वास कोंदट नव्हता. कसलाच नव्हता. म्हाताऱ्यांच्या खोलीत मलमाचा, लोकरीचा, काहीतरी वास असतोच. ही खोली दुकानात मांडून ठेवलेल्या खोलीसारखी होती.

"सबाह अल् खैर, मस्यू," नजवा उंबऱ्यातूनच म्हणाली.

"कागद."

बघितलं म्हणजे बघितलं, आता वळून जावं, असं तिला वाटलं. पण कागदावर त्याचीही सही लागते. ती चार पावलं पुढे गेली, आणि लांबूनच हात ताणून कागद पुढे केला. चमचा थांबला. खुर्चीच्या हातावरून डावा हात मागे आला, उन्हाच्या पट्टीत.

तोच हात. तपकिरी डाग. पहिल्या बोटाला निळ्या रेघेची चिकटपट्टी. अंगठ्याच्या नखात अगदी मुळाशी मसुराच्या दाण्याएवढा काळा डाग, एका बाजूने चपटा.

नजवाने कागद सोडला. तो हाताने झेलला.

गेल्या वर्षी तिच्या स्वतःच्या अंगठ्यावर कपाटाचं दार बसलं होतं. काळा डाग नखाबरोबर पुढे पुढे सरकत सहा महिन्यांत निघून गेला. ती रोज बघायची. ह्याचा तीन वर्षांत जागचा हलला नव्हता. परत हातोडी बसली असेल, तिची अक्कल म्हणाली. त्याच अंगठ्यावर? म्हातारा आहे, डोळ्यांनी दिसत नसेल. त्याच जागी? तेवढाच? एका बाजूने चपटा? अक्कलेने हिशोब परत मांडून बघितला. मग म्हणाली, चिकटपट्टीचं काय?

"शिक्का कुठाय?" हाताने विचारलं. म्हणजे त्याने. तोंड झडपेकडेच होतं.

"ऑफिसात, मस्यू. बाहेर नेता येत नाही." हे नजवाने जन्मात पहिल्यांदा नियमाप्रमाणे उत्तर दिलं.

"मग मीच येतो," आवाज म्हणाला. "समक्ष हजर. तुमचाच नियम ना, पोरी?"

आणि चमचा परत फिरायला लागला.

५

मदाम पायऱ्यांपर्यंत आली. ऊन तसंच होतं. खाली बशीरच्या दुकानात कोणीतरी भावावरून भांडत होतं. जग इतकं जागच्या जागी होतं की नजवाला रडू आलं.

"ह्यांना नक्की काय झालंय, मदाम?"

मदाम दोरीवरच्या त्या वाळलेल्या ऑक्टोपसकडे बघत होती.

"त्या शुक्रवारी सकाळी मी त्यांच्यावर चादर घातली," ती म्हणाली. "डोक्यापर्यंत. आणि तुमच्याकडे आले. एकाच पेन्शनवर माझं कसं व्हायचं, एवढंच डोक्यात होतं. जिना उतरताना वाटलं, ती बाई काही न बघता लिहायची नाही. वर येईल, बघेल, मला धरेल, आणि संपेल. मी तुम्हाला विचारलंसुद्धा, येऊन बघता का म्हणून."

नजवाला शुक्रवार आठवला. कुसकुस आठवलं.

"तुम्ही लिहून दिलंत. मी कागद घेऊन परत आले," मदाम म्हणाली. "दार उघडलं तर चमचा वाजत होता."

"अहो पण..."

"तीन वर्षं ते माझ्याकडे वळलेले नाहीत. मी पुढे जाऊन बघितलेलं नाही. दर फेब्रुवारीला वाटतं, ह्या वेळी ती नाही म्हणेल. मी न्यायचं नाही असं ठरवलं की ते विचारतात, कागद कुठाय." तिने नजवाचा हात धरला. तिचा हात गरम होता, घामेजलेला, जिवंत. "पोरी," ती म्हणाली, आणि ह्या बाईच्या तोंडात तो शब्द पोरीसारखाच वाटला. "लिहू नकोस."

नजवा उतरली. पायऱ्या उतरताना तिची अक्कल तिच्याशी भांडत होती. म्हातारी एकटी राहून राहून फिरलीय. म्हातारा लकव्याने वळत नाही. नखाचा डाग ही जन्मखूण असेल. चिकटपट्टी तर बाजारात मिळते. सगळं बरोबर होतं. एकच अडत होतं: लिहिलं तर सगळं पूर्वीसारखं राहणार, आणि नाही लिहिलं तर पेन्शनवाले विचारणार, मग आधीचं तीनदा कसं लिहिलंत?

घरी उम्मी म्हणाली, "काय गं, तोंड असं का?"

"उम्मी, तू माझ्याकडे बघ."

"बघतेय की. जाडी झालीस."

"बघत राहा जरा," नजवा म्हणाली.

६

गुरुवारी सकाळी रांग दारापर्यंत होती. नजवाने मान खाली घातली आणि कामाला लागली. अंगठीचा हात. धप्प. कुत्र्याच्या केसांचा हात. धप्प. टकटक करणारा हात. धप्प. हातांमागून हात येत होते, उबदार, थरथरते, औषधाच्या वासाचे, आणि तिला त्या सगळ्यांसाठी पहिल्यांदाच भरून आलं. बिचारे. हजर राहायला चालत येतात.

मग खिडकीतला वास गेला. औषधाचा, कोलनचा, पावाचा, सगळाच. काउंटरवर एक कागद आला, आणि कागदावर डावा हात.

"लवकर, पोरी."

नजवाने शिक्का उचलला. हाताला सवय होती. तो स्वतःच खाली यायला निघाला. मारून टाकावा. मान खाली, धप्प, पुढचा. नोकरी राहील, उम्मी राहील, आणि टेकडीवर चमचा फिरत राहील, तो इथे थोडाच ऐकू येतो?

पोरी. लिहू नकोस.

तिने शिक्का खाली ठेवला आणि सतरा वर्षांत पहिल्यांदा, मानेची हाडं कडकड वाजवत, वर बघायला सुरुवात केली. बाहीचं बटण होतं. करड्या कोटाच्या गुंड्या होत्या. गळपट्टा नीट गाठ मारून बांधलेला होता. वर टोपीही होती, तिची कड व्यवस्थित.

मधे तिची नजर टेकेना. ओल्या काचेवर बोट घसरावं तशी घसरून परत गळपट्ट्यावर येई. परत वर, परत खाली. तिथे काही भयंकर असतं तर ती किंचाळली असती, मोकळी झाली असती. जे तिने कधी बघितलंच नव्हतं ते तिथे आलंच नव्हतं.

"झालं का बघून?" तिथून आवाज आला.

रांगेत मागची बाई फोनवर बोलत होती. तिच्या मागचा आपल्या कुत्र्याशी. कोणीही पुढच्याकडे बघत नव्हतं.

नजवाने पेन घेतलं. अक्षर वेडंवाकडं आलं, पण आलं. 'समक्ष हजर झालेले नाहीत.' खाली पूर्ण नाव, सही. कागद परत बाहेर सरकवला. मग तिने खिडकी खाली ओढली, मागच्या कागदपत्रांच्या खोलीत गेली, आणि दोन कपाटांच्या मधे जमिनीवर बसून राहिली. नोकरी गेली, तिने मनात म्हटलं. जाऊ दे. उम्मीला काय सांगायचं ते बघू. खरं सांगायचं तर बरं वाटत होतं. आपणही कधीतरी काहीतरी बघून लिहिलं, असं. ह्या जाड्या, आळशी बाईला सत्तेचाळिसाव्या वर्षी कणा फुटला होता, आणि तो तिला जरा टोचतही होता.

पंधरा मिनिटांनी ती तोंड धुऊन बाहेर आली. रांग संपली होती. सी मुन्सिफ वर्तमानपत्र उघडून बसला होता.

"कुठे उलथली होतीस?" तो म्हणाला. "तुझी अर्धी रांग मी संपवली. आणि काय गं, त्या म्हाताऱ्याच्या कागदावर काय भलतंच लिहून ठेवलं होतंस? समोर उभा माणूस आणि म्हणे हजर नाहीत! झोपेत लिहितेस का? टराटरा फाडला आणि कोरा काढून दिला. तुमच्या चुका आम्ही निस्तरायच्या."

नजवाने त्याच्या टेबलावरच्या शिक्क्याकडे बघितलं. "तू... शिक्का मारलास?"

"मग काय कुसकुस वाढू त्याला?"

"मुन्सिफ, तू बघितलंस त्याच्याकडे?"

"बघितलं की, बाई!" मुन्सिफ चिडला. "अंगठ्याचं नख काळं होतं त्याचं. झालं समाधान?"

"चेहरा."

मुन्सिफने वर्तमानपत्र खाली केलं. जरा वेळ तो भिंतीकडे बघत राहिला, काहीतरी आठवायचं राहून गेल्यासारखा. मग खांदे उडवले. "गोऱ्यांचे चेहरे कोण बघत बसतं?" तो म्हणाला आणि पान उलटलं.

बाहेरच्या बाकावर मदाम सोलांज बसली होती. मांडीवर कागद होता, शिक्क्याची शाई अजून ओली. नजवा दारात येऊन उभी राहिली. मदामने तिच्याकडे बघितलं, नजवाने मदामकडे. निळसर डोळे होते तिचे, उजव्या भुवईत जुना व्रण, गालांवर बारीक शिरा. इतकी वर्षं येत होती ही बाई.

"मी लिहिलं नाही, मदाम," नजवा म्हणाली. "शपथ. मी बघितलं, आणि लिहिलं नाही."

"माहीत आहे," मदाम म्हणाली. तिने शाईला धक्का लागणार नाही अशी कागदाची घडी केली, बाकाला धरून उठली, आणि टेकडीच्या पायऱ्यांकडे बघत एक मोठा श्वास घेतला.

"निघते," ती म्हणाली. "पुढे गेलेत ते. कॉफी करायचीय."